पिवळी भिंत उबदार असते का?

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले दोन डोंगरी तालुके. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते, तेव्हा जुना नकाशा उघडलात तर तिथे शोधा. या भागात पाऊस धो धो कोसळतो. ऐन श्रावणात धुके घराच्या ओट्यापर्यंत उतरते आणि भर दुपारी आत दिवा लावावा लागतो. पुढे पौष-माघात पहाटे अशी हुडहुडी भरते की शेकोटीपासून कोणी हलत नाही. अशा ठिकाणी घराच्या भिंतींना आतून कोणता रंग द्यावा हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

मला तो प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला. वर्गात उष्णतेच्या प्रारणाचा धडा चालू होता. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला. तो मोखाड्याच्या पुढच्या एका पाड्यावरून एस.टी.ने येतो. घर वारली समाजाचे. जुने घर कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले आणि गेरूने रंगवलेले. आता त्याच्या शेजारीच सरकारी योजनेतले घरकुल उभे राहिले होते. विटांच्या भिंती, वर पत्रा, एका बाजूला एक खिडकी.

"सर," तो म्हणाला, "शाळेत चित्रकलेच्या बाई सांगायच्या, तांबडा, नारिंगी, पिवळा हे उष्ण रंग आणि निळा, हिरवा हे शीत रंग. आजी म्हणते, जुन्या घरात उबारा होता, नव्या घरात हाडं गारठतात. जुन्या भिंती तांबड्या होत्या. मग नव्या घराला आतून पिवळा रंग दिला तर तिला थंडी कमी वाजेल ना? बाबांनी रंगाचे पैसे बाजूला ठेवलेत."

पैसे थोडे होते आणि ते एकदाच खर्च होणार होते. शिवाय बहीण त्या वर्षी दहावीला होती आणि तिची अभ्यासाची जागा त्या एका खिडकीजवळ ठरलेली होती. उत्तर चुकले असते तर त्याची शिक्षा मला नव्हे, त्या घराला झाली असती. म्हणून मी त्याला म्हटले, "बस. सावकाश पाहू."

तुम्हीही बसा.

उष्ण रंग किती उष्ण?

प्रथम हा 'उष्ण रंग' काय प्रकार आहे ते पाहू. लोहाराच्या भात्यासमोर कधी उभे राहिला आहात काय? लोखंड तापू लागले की आधी लालबुंद होते, मग नारिंगी, मग पिवळे आणि फारच तापले तर पांढरे दिसू लागते. म्हणजे लाल हा त्यातल्या त्यात थंड लोखंडाचा रंग! याचा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ वीन याने १८९३ साली बसवून दिला. तापलेला पदार्थ ज्या तरंगलांबीचे प्रारण सर्वांत जोराने बाहेर टाकतो ती तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मोजा आणि पदार्थाचे तापमान केल्विनमध्ये. दोहोंचा गुणाकार नेहमी सुमारे २८९८ येतो. तापमान वाढले की तरंगलांबी घटते, म्हणजेच प्रकाश तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो.

दुकानात एलईडी दिव्याच्या खोक्यावर २७०० के किंवा ६५०० के असे आकडे छापलेले असतात. ही त्या प्रकाशाची 'रंग-तापमाने'. २७०० केल्विनचा पिवळसर प्रकाश 'उबदार' म्हणून विकला जातो आणि ६५०० केल्विनचा निळसर प्रकाश 'थंड' म्हणून! चित्रकाराची भाषा आणि आमची भाषा इथे एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. चित्रकार चुकतो असे मात्र नाही. शेकोटी, दिव्याची ज्योत, मावळता सूर्य यांच्याशी माणसाची जन्माची ओळख. त्या आठवणीने पिवळा रंग मनाला उबदार वाटतो. प्रश्न एवढाच की मनाला वाटलेली ऊब आजीच्या हाडांपर्यंत पोचते का?

थंडीतल्या भिंतीचे तापमान समजा १८ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे २९१ केल्विन. वीनचा नियम लावा. २८९८ भागिले २९१, उत्तर सुमारे १० मायक्रोमीटर. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५८ मायक्रोमीटर असते. म्हणजे भिंत जे प्रारण बाहेर टाकते ते पिवळ्या प्रकाशापेक्षा सुमारे सतरापट लांब लहरींचे, अवरक्त आणि डोळ्यांना अजिबात न दिसणारे असते. या लांब लहरींच्या बाबतीत चुना, पिवडी, गेरू, सिमेंट यांच्यात फारसा फरकच नसतो. हे सारे पदार्थ अशा प्रारणाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग शोषतात आणि त्याच प्रमाणात बाहेर टाकतात. आपल्या डोळ्यांना केवळ तेच प्रारण दिसत असते, तर पांढरी, पिवळी आणि तांबडी भिंत आपल्याला सारखीच काळी दिसली असती.

यावर विश्वास बसत नसेल तर प्रयोग करा. एकाच मापाचे चार पत्र्याचे डबे घ्या. एकाला पांढरा, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला तांबडा रंग द्या आणि चौथा घासूनपुसून चकचकीत ठेवा. चारही डब्यांत सारखेच गरम पाणी ओतून झाकणे लावा आणि दर पाच मिनिटांनी तापमान टिपा. रंगीत डबे जवळजवळ एकाच चालीने निवतील. मागे राहील तो चकचकीत डबा. धातूचा उघडा, चकचकीत पृष्ठभाग अवरक्त प्रारण फारच कमी बाहेर टाकतो. जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८०४ साली असाच, पण चार निरनिराळ्या बाजूंचा एक चौकोनी डबा वापरून ही गोष्ट दाखवली होती.

आता आजीचे पाहू. तिच्या उघड्या त्वचेचे तापमान ३० अंश आणि भिंतीचे १८ अंश धरले, तर दर चौरस मीटर त्वचेमागे सुमारे ६५ वॅट एवढी उष्णता प्रारणाने भिंतींकडे जाते. या हिशेबात भिंतीचे तापमान येते, तिचा रंग येत नाही. भिंत पिवळी केल्याने ६५ चे ६४ सुद्धा होणार नाहीत.

मग जुन्या घरात उबारा होता तो कशाचा? मी त्याला विचारले, "चूल कुठे होती?" घरातच, असे तो म्हणाला. नव्या घरात चूल बाहेरच्या पडवीत गेली होती. जुन्या घराला वर पेंढ्याचे जाड छप्पर होते आणि पेंढ्याच्या काड्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. नव्या घरावर नुसता पत्रा. रात्री निरभ्र आकाशाकडे प्रारण टाकून पत्रा इतका निवतो की पहाटे त्याच्या आतल्या बाजूने थेंब गळतात. भिंतीचा तांबडा रंग बिचारा उगाच श्रेय घेऊन बसला होता. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे त्यांतली एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. चूल आत आणावी असे मी अर्थातच सुचवले नाही, कारण धुराने आजीचा खोकला वाढला असता. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत घालावे आणि मधली हवा पेंढ्याचे काम करील, असे सुचवले. बांबू त्यांच्याकडे आहे, आणि तट्ट्या विणणारे हातही.

बाहेरून मात्र रंगाला महत्त्व आहे, हे इथेच सांगून टाकतो. सूर्यप्रकाशातली जवळजवळ निम्मी ऊर्जा दृश्य प्रकाशात असते आणि तिथे रंगारंगांत भेद होतो. चुन्याची नवी भिंत उन्हाचा जेमतेम पाचवा भाग शोषते. गेरूची भिंत निम्म्याहून अधिक शोषते आणि पिवडीची या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा.

खिडकी एक, भिंती चार

रंग उष्णता देत नाही. तो प्रकाश देतो, किंवा खरे म्हणजे आलेला प्रकाश कमी खातो. आणि दहावीतल्या मुलीला पावसाळ्यात हवा असतो तो प्रकाशच.

खिडकीतून आलेला किरण एका भिंतीवर आपटून संपत नाही. तो दुसऱ्या भिंतीवर जातो, तिथून तिसऱ्या. दर खेपेला थोडा भाग शोषला जातो, उरलेला पुढे जातो. भिंतींची परावर्तनक्षमता 'र' मानली, तर खोलीतला एकूण प्रकाश १ + र + र² + र³ … या प्रमाणात होतो. ही भूमितीय श्रेढी. तिची बेरीज १ भागिले (१ − र). आता आकडे घाला. गेरूची भिंत डोळ्यांना जाणवणाऱ्या प्रकाशाचा सुमारे पाचवा भाग परत पाठवते, म्हणजे र = ०.२ आणि बेरीज १.२५. चुन्यात पिवडी कालवलेल्या फिकट पिवळ्या भिंतीसाठी र = ०.६५ धरा, बेरीज जवळजवळ २.९ येते. स्वच्छ पांढऱ्या चुन्याला र = ०.८; बेरीज ५. खऱ्या खोलीत जमीन काळपट असते, खिडकीतून काही प्रकाश परत बाहेर जातो, मडकी-कपडे-माणसे असतात, त्यामुळे एवढा मोठा फरक पडत नाही. पण क्रम हाच राहतो. जुन्या तांबड्या घरातून नव्या पिवळ्या घरात गेलात तर त्याच खिडकीखाली वही कितीतरी उजळ दिसेल.

कोणी म्हणेल, मग सरळ पांढराच का देऊ नये? द्यावा की. केवळ प्रकाशाचा विचार केला तर पांढऱ्यासारखा रंग नाही. पण ढगाळ दिवसाचा प्रकाश मुळातच निळसर असतो, आणि पांढऱ्या भिंती तो जसाच्या तसा खोलीत खेळवतात. चार महिने तसल्या उजेडात बसलेल्या माणसाला थोडासा पिवळा हवासा वाटला, तर आमच्या शास्त्रात त्याविरुद्ध कलम नाही.

इथे माझी एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी घरातली एक खोली रंगवायला काढली. दुकानात ट्यूबलाइटखाली उभे राहून शेड कार्डावरचा टपाल तिकिटाएवढा एक फिकट पिवळा चौकोन निवडला. रंगाचे दोन हात झाले, रंग वाळला आणि खोली हळद लावलेल्या नवरदेवासारखी दिसू लागली. दुकानदाराने डबा चुकवला असावा असा माझा पक्का समज झाला. रंगारीमामा हसले. म्हणाले, "सर, कार्डावर आवडला तो घ्यायचा नसतो. त्याच्या एक घर खालचा घ्यायचा." डबा बरोबरच होता. मामांचा हा ठोकताळा अनुभवातून आलेला. त्यामागचे गणित मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत होतो आणि खोलीला लावायचे विसरलो होतो.

ते गणित असे. समजा, एक पिवळा रंग तांबड्या-पिवळ्या प्रकाशाचा ०.८ भाग परावर्तित करतो आणि निळ्याचा ०.४. कार्डावर प्रकाश एकदाच आपटतो, तेव्हा पिवळ्याचे निळ्याशी प्रमाण २ ला १. भिंतीवरून भिंतीवर दोनदा आपटल्यावर ०.६४ ला ०.१६, म्हणजे ४ ला १. तीनदा आपटल्यावर ८ ला १. सगळ्या खेपांची बेरीज केली (ती र भागिले १ − र), तर पिवळ्यासाठी ४ आणि निळ्यासाठी दोन तृतीयांश, म्हणजे ६ ला १! कार्डावरचा रंग आणि खोलीतला रंग यांत इतके अंतर पडते. एक पिवळा कार्डपेपर मधोमध दुमडा आणि अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखा उभा करून घडीत डोकावून पाहा. घडीजवळ तोच कागद नारिंगीकडे झुकलेला दिसेल. रंग निवडण्यापूर्वी एकाच छटेचे दोन तुकडे असे समोरासमोर धरून पाहिले तर माझ्यासारखी फजिती होणार नाही.

पिवळा म्हणजे निळा वजा

वाचकांपैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. लोलकातून पडणाऱ्या वर्णपटात पिवळा पट्टा किती अरुंद असतो! ४०० ते ७०० नॅनोमीटर या दृश्य पल्ल्यात त्याची जागा सुमारे ५७० ते ५९०. पिवळी भिंत फक्त तेवढाच प्रकाश परत पाठवत असती, तर ती उजळ कशी दिसली असती? दिसली नसतीच. पिवळ्या रंगाची भिंत हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा असा सगळा लांबलचक पट्टा परत पाठवते आणि जांभळा-निळा तेवढा गिळते. आपल्या डोळ्यांत तांबड्या बाजूच्या आणि हिरव्या बाजूच्या शंकूपेशी एकदम चेतवल्या गेल्या की मेंदू 'पिवळा' म्हणतो. मोबाइलच्या पडद्यावर तर पिवळा प्रकाश नसतोच. पडद्यावर पिवळे चित्र लावा आणि त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंबाच्या भिंगातून तांबडे आणि हिरवे ठिपके वेगवेगळे दिसतील.

या 'निळा वजा'मुळे एक गंमत होते. कंदिलाच्या किंवा २७०० केल्विनच्या दिव्याच्या प्रकाशात निळा भाग मुळात थोडाच असतो. भिंतीने तो गिळला काय, न गिळला काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून रात्री कंदिलाच्या उजेडात फिकट पिवळी भिंत आणि पांढरी भिंत जवळजवळ सारख्याच दिसतात. ६५०० केल्विनच्या दिव्याखाली मात्र पिवळी भिंत आपला भाग वसूल करते. त्या एलईडीच्या पोटात दडलेली चकती निळा प्रकाशच निर्माण करते आणि तिच्यावर पसरलेली पिवळी भुकटी त्यातल्या काहींचे पिवळ्यात रूपांतर करते. दोन्ही मिसळून पांढरा होतो. निळी एलईडी बनवण्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि चुन्यात नीळ का घालतात, हेही आता तुमचे तुम्हाला सांगता येईल. चुना किंचित पिवळट असतो. नीळ त्याच्या उलट बाजूचा, म्हणजे पिवळा-तांबडा प्रकाश थोडा गिळते. भिंत खरे तर रतीभर काळवंडते, पण पिवळटपणा गेल्यामुळे आपल्याला ती अधिक शुभ्र वाटते!

पिवडी, गेरू, हळद आणि एक विष

आता रंग आणायचा कोणता? आपल्याकडे चुन्यात कालवायची पिवडी ही मुळात पिवळी माती. तिचा रंग लोखंडाच्या एका संयुगाचा. त्यात लोखंड, ऑक्सिजन आणि हायड्रोजन असतात. खनिजाचे नाव गोएथाइट, जर्मन कवी गटे याच्या नावावरून पडलेले. गेरूतही लोखंडच असते, पण हेमॅटाइट या रूपात, म्हणजे हायड्रोजनशिवाय. पिवळी माती अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवली की गोएथाइटमधून पाणी निघून जाते आणि हेमॅटाइट उरते. वजन सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि रंग तांबडा होतो. विटा आणि कौले भट्टीतून लाल होऊन निघतात ती याच कारणाने. म्हणजे जुन्या घराचा तांबडा आणि नव्या घराचा पिवळा हे चुलतभाऊच. विहीर खणताना निघालेली पिवळी माती चिमूटभर घेऊन, मोठ्या माणसांच्या देखत, जुन्या तव्यावर भाजून पाहा. दुकानातली पिवळी पूड मात्र तापवू नका. कारण पुढे येतेच आहे.

त्या विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "हळद घातली तर, सर? घरची आहे." मी म्हटले, "आईला विचार, कुंकू कसं करतात." हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कात तांबडे पडते आणि उन्हात विटतेही. लोखंडाच्या पिवडीला ना चुन्याची भीती ना उन्हाची.

तिसरा पिवळा म्हणजे क्रोम पिवळा, शास्त्रीय भाषेत लेड क्रोमेट. रंग भडक, सुंदर, झाकणशक्ती उत्तम. पण त्याच्या वजनात ६४ टक्के शिसे असते. रंगाचे पोपडे पडतात, घासकाम करताना धूळ उडते, रांगते मूल जमिनीवर हात टेकवून तोच तोंडात घालते. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते आणि त्याची अमुक मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. भारतात घरगुती रंगांतील शिशाविषयीचे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली. तेव्हा डबा घेताना त्यावर शिशाच्या प्रमाणाबद्दल काय छापले आहे ते वाचा. बिननावाची, सुटी, झगझगीत पिवळी पूड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तुमच्या घराला जुना तैलरंग असेल तर तो कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. ओला करून काढा आणि त्या वेळी लहान मुलांना दुसरीकडे ठेवा. शिक्षकांनी शाळेच्या जुन्या खिडक्या-दारांकडेही या दृष्टीने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

पिवडी घातलेला चुना, चिकटपणासाठी थोडा डिंक आणि कुंचा, एवढ्यावर त्या घराचे काम भागणार होते. सिमेंटचा गिलावा पुरता वाळेपर्यंत थांबा, एवढे मी बजावले. आणि चुना कालवताना डोळे सांभाळा.

एक भिंत तांबडी

सगळे ठरले, आणि मग त्यानेच एक अडचण काढली. बहिणीच्या लग्नाला अजून अवकाश होता. पण कधीतरी घरात लग्न निघेल, सुवासिनी भिंतीवर चौक लिहितील, तेव्हा तो कुठे लिहायचा?

वारली चित्रकला आज जगाला ठाऊक आहे. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना तिच्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. कागदावर आणि कापडावर ती नंतर आली. तिची मूळ जागा ही घराची भिंत आणि मूळ निमित्त लग्नाचा चौक. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीने काढलेल्या पांढऱ्या रेघा. गेरूची भिंत प्रकाशाचा पाचवा भाग परत पाठवते आणि वाळलेले पीठ त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणून मिणमिणत्या उजेडातही चित्र उठून दिसते. आता भिंत फिकट पिवळी, ०.६५ ची केली, तर पिठाची रेघ जेमतेम सव्वापट उजळ राहील आणि दिव्याच्या पिवळसर उजेडात तर दिसेनाशीच होईल. प्रकाश वाढवताना आम्ही चित्राची पाटी पुसायला निघालो होतो!

मग आम्ही खोलीचा नकाशा काढला. खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरचा प्रकाश सरळ पडतो, तेव्हा ती सर्वांत उजळ हवी. बहीण बसते तिच्या मागची आणि बाजूचीही. दाराजवळच्या चौथ्या भिंतीवर प्रकाश कमीच जातो; ती तांबडी ठेवल्याने नुकसान थोडे. शिवाय खिडकी डोळ्यांवर येत नसल्याने तिथले चित्रही नीट दिसेल. आजीने हा ठराव ताबडतोब मान्य केला असे कळले. गेरू तर घरात होताच.

भिंती रंगवल्या त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज रडवेला. "सर, घोटाळा झाला. फार गडद झालंय. तुमच्या खोलीसारखं." मी म्हटले, "वाळू दे. उद्या दुपारी सांग."

चुन्याचा ओला हात भिंतीवर बघितला आहे तुम्ही? पहिल्यांदा काही दिलेच नाही असे वाटते, खालचा गिलावा आरपार दिसतो. वाळल्यावर पांढरे फटफटीत होते. चुन्याचे कण मुळात पारदर्शकच; ते पांढरे दिसतात ते प्रकाश विखुरतात म्हणून. आणि विखुरणे अवलंबून असते कणाच्या व भोवतालच्या अपवर्तनांकांतील फरकावर. चुन्याचा अपवर्तनांक सुमारे १.६, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. कणांभोवती पाणी असेतोवर फरक थोडा, प्रकाश खोलवर शिरतो, पिवडीच्या कणांना पुन्हा पुन्हा भेटतो आणि निळा अधिक गिळला जातो. रंग गडद दिसतो. पाणी उडून त्या जागी हवा आली की फरक वाढतो, प्रकाश वरच्यावरच विखुरला जातो आणि रंग फिका पडतो. तांदळाच्या पिठाची ओली रेघ मंद दिसते आणि वाळता वाळता उजळते, तेही यामुळेच. पावसाने भिजलेली भिंत किंवा घामाने भिजलेला सदरा काळपट का दिसतो, याचे उत्तर तुम्ही आता स्वतः लिहून काढा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन वाजला. भिंती साईसारख्या पिवळ्या झाल्या होत्या. बहिणीने खिडकीपासूनचे आपले बसायचे अंतर दोन हातांनी मागे नेले होते, कारण तिथेही आता अक्षरे दिसत होती. तट्ट्या विणायला घेतल्या होत्या. आजीला थंडी अजून वाजतेच आहे.